पहिली चूक

पत्रकारितेच्या वर्गात सरांनी भूकंपाची जुनी बातमी लावली. पडलेल्या घरासमोर एक बाई रडत होती आणि बातमीदार तिच्यापुढे माइक धरून विचारत होता, "ताई, काय वाटतंय तुम्हाला?"

"यात पहिली चूक कोणती?" सरांनी विचारलं.

"हा प्रश्नच, सर!" एका मुलाने पेनचा माइक करून शेजारच्या मुलीपुढे धरला. "ताई, काय वाटतंय तुम्हाला?"

वर्ग खो खो हसला. सरांनाही हसू आवरलं नाही.

मुलगी म्हणाली, "सर, ती माझी आई आहे."

सरांनी घाईघाईने प्रोजेक्टर बंद केला. ते तिच्या बाकापाशी गेले. मग अगदी मायेने त्यांच्या तोंडून निघून गेलं, "बाळ, काय वाटतंय तुला?"

मुलाच्या हातातलं पेन अजून तसंच तिच्यापुढे होतं.