एकाच तळावर चालणारं कार्ड

“सवलतीचं कार्ड घेणं परवडतं का हो?” ट्रेव्हरनं विचारलं, आणि विचारलं ते नेमकं मर्ल टॅगर्टला. काउंटरमागे उभ्या असलेल्या ओपलला वाटलं, सगळ्या अ‍ॅरिझोनात विचारायला याला दुसरं कोणी भेटलं नाही.

ट्रेव्हर आणि त्याची बायको ब्रुक नव्या कोऱ्या घरगाडीतून आदल्या संध्याकाळी, घरगाड्या भाड्यानं उभ्या करायच्या या तळावर उतरले होते. सवलत देणाऱ्या क्लबांची माहितीपत्रकं त्यांनी गठ्ठ्यानं जमवली होती. एक क्लब निम्म्या भाड्यात जागा देणार, दुसरा नुसते दहा टक्के सोडणार, तिसऱ्याची सवलत शुक्रवार-शनिवारी बंद. वाचून वाचून दोघांची डोकी भणभणली होती.

मर्ल एकदम खुलला. हा मॉन्टानाचा म्हातारा, शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करण्यात जन्म घालवलेला. बायको गेल्यापासून एकटाच फिरायचा. दर नोव्हेंबरला थंडी चुकवायला इथं यायचा आणि मार्चमध्ये परत जायचा; आताही दुसऱ्या दिवशीच निघायचा होता. त्यानं शर्टाच्या खिशातून आपलं कार्ड काढलं.

“आजीव सभासद आहे मी,” तो म्हणाला. “पूर्वी वर्षाला काहीतरी वर्गणी घ्यायचे. आता मागायचंही विसरलेत लेकाचे. पण दर सप्टेंबरला नवं कार्ड मात्र न चुकता पोस्टानं येतं. हिशोबात कच्चे असतील, माणसं मनानं चांगली दिसतात.”

ट्रेव्हरनं कार्ड उलटसुलट करून पाहिलं. या क्लबचं नाव त्यानं कधी ऐकलं नव्हतं. हे चालतं तरी कुठंकुठं, असं त्यानं विचारलं.

“इथं. निम्मं भाडं पडतं.”

“आणखी?”

“आणखी कुठंच नाही. वाटेतल्या प्रत्येक तळावर दाखवून बघतो. येताना एका तळावरच्या पोरीनं विचारलं, आजोबा, हे वाचनालयाचं आहे का?”

ब्रुक खळखळून हसली. ओपल हसली नाही. पाट्यांना प्लास्टिक चढवायच्या यंत्रात ती ‘कुत्री बांधून ठेवावीत’ ही सूचना सरकवत होती, तिकडेच तिनं डोळे लावले.

“मग मॉन्टानाहून एवढं डिझेल जाळत निम्म्या भाड्यासाठी इथवर यायचं,” ब्रुक म्हणाली, “हे कसं हो परवडतं तुम्हाला?”

हाच प्रश्न कोणीतरी त्याला विचारील, याची ओपलला कितीतरी वर्षं धास्ती होती. मर्ल कॉफीची कागदी गाळणी दोनदा वापरणारा माणूस. तो इथं येतो ते भाडं निम्मं पडतं म्हणून, याबद्दल तिला शंका नव्हती. एकदा का त्यानं बसून आकडेमोड केली, की पुढच्या नोव्हेंबरात तो येणार नाही, याबद्दलही नव्हती.

हा तळ ती एकटीच चालवायची. उन्हाळ्यात सगळ्या गाड्या उत्तरेला गेल्या की जागा ओस पडायची. मग ती पाट्या नव्यानं रंगवायची, युमा शहरात जाऊन पोस्टाची, बाजाराची कामं उरकून यायची, आणि मर्लच्या जागेशेजारच्या लिंबाच्या झाडाला पाणी घालायची. ती जागा ती दुसऱ्या कोणाला देत नसे. नोव्हेंबर लागला की रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक डिझेल गाडीला तिचे कान टवकारायचे आणि गाडी पुढे निघून गेली की तिला स्वतःचाच राग यायचा. तिला तो हवा होता, एवढी साधी गोष्ट. पण साठी उलटलेल्या बाईनं ती बोलून दाखवायची कशी?

मर्लनं हनुवटी खाजवली. “खरं सांगू? नाही परवडत. मुलगीसुद्धा तेच म्हणते. स्पोकेनला तिनं माझ्यासाठी खोली तयार ठेवलीये. गाडी विकून टाका म्हणते.”

“मग?”

“मग काय. जायच्या आधी एकदा नीट हिशोब करणार आहे.”

ओपलची सूचना यंत्रात वाकडी होऊन अडकली. ट्रेव्हर आणि ब्रुकनं आपसात काहीतरी ठरवलं, सगळी माहितीपत्रकं तिथल्याच कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि पूर्ण भाडं भरून दुपारी ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मर्लनं विजेची तार गुंडाळली, पाण्याची नळी निथळून आत ठेवली. ओपल दालचिनीचे रोल कागदात बांधून घेऊन आली. ती रात्रभर एक वाक्य घोकत होती. भाडं अजिबात देऊ नकोस, पण ये, असं ते वाक्य होतं.

“टायरमधली हवा पाहिलीस?” ती म्हणाली.

“पाहिली.”

“आणि हिशोब? झाला?”

“झाला की,” मर्ल म्हणाला आणि रोल बगलेत धरून गाडीत चढला.

झाला म्हणजे काय झाला, हे विचारायचा तिला धीर झाला नाही. इंजिन सुरू झालं. लिंबाच्या फांद्या छपराला घासत होत्या, त्याला सावली राहावी म्हणून त्या तिनं मुद्दामच छाटल्या नव्हत्या. यंदा त्या छाटायलाही काही हरकत नाही, असं तिच्या मनात आलं. ती ऑफिसकडे वळली.

मागून काच खाली केल्याचा आवाज आला. मर्लनं चष्मा कपाळावर चढवला होता आणि ते कार्ड हातभर लांब धरून डोळे बारीक करून तो वाचत होता.

“ओपल,” तो म्हणाला, “पुढच्या वर्षीचं करशील ना, तेव्हा अक्षरं जरा मोठी काढ.”