चाळीस लिटरचं तळं

महापौरांनी बटण दाबलं. तळ्यातलं कारंजं उडायला हवं होतं. त्याऐवजी टेबलाखालून घरघर ऐकू आली, दम लागलेल्या म्हाताऱ्यासारखी. छायाचित्रकारांनी कॅमेरे खाली घेतले.

टेबलावर पंधरा वर्षांनंतरचं शहर मांडलं होतं, एकास पाचशे या प्रमाणात. काड्यापेटीएवढ्या इमारती, स्पंजची झाडं, तिळाएवढी माणसं. मधोमध तळं: ऐंशी सेंटीमीटर लांब, पन्नास रुंद, दहा खोल. म्हणजे बरोबर चाळीस लिटर. प्रमाण धरलं तर ते पन्नास मीटर खोल होत होतं. पण कारंज्याच्या पंपाला तेवढी खोली लागतेच, असं शहर अभियंत्याचं म्हणणं पडलं होतं.

मागच्या फलकावर महापौरांचा प्राधान्यक्रम होता. एक, तळं. दोन, तळ्याकाठची फरसबंदी. तीन, फरसबंदीवरचे दिवे. पाणीपुरवठा अकरावा होता. फलक दहा ओळींचा होता.

"सकाळी भरलं होतं ना?" महापौर हसरा चेहरा तसाच ठेवून दातांमधून म्हणाले.

"आठ वाजता, साहेब. काठोकाठ. माझ्या डोळ्यांदेखत." अभियंता गुडघ्यांवर बसून टेबलाखाली गेला. गालिचा कोरडा होता. नळी शाबूत होती.

"मग गेलं कुठे? तुमची तिळाएवढी माणसं प्यायली?"

"बाष्पीभवन झालं असेल, साहेब. दिवे फार आहेत वर."

"तीन तासांत? शिकलात कुठे हो तुम्ही?"

दाराशी सफाईवाली बाई फडकं घेऊन उभी होती. अकरा वर्षं ती हे सभागृह पुसत होती आणि समारंभात कुणाच्या नजरेत न येण्याची कला तिला चांगली साधली होती.

सकाळी साडेआठला मात्र तिने टेबल पुसता पुसता अभियंत्याला विचारलं होतं, "यात आमची गल्ली कुठे आहे?"

तो त्या वेळी खुशीत होता. पेनाचं टोक शहरावरून फिरवत म्हणाला, "ही पाण्याची टाकी. हा पूल. पुलापासून उजवीकडे चौथी गल्ली ना तुमची?" पेन तळ्यात बुडालं. "इथे."

ती पाण्याकडे बघत राहिली. "आणि आम्ही?"

"तुमचं पुढच्या टप्प्यात बघू."

"नऊ दिवस नळाला पाणी नाही, साहेब. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. त्यांचं अंग पुसायलाही तांब्याभर मिळत नाही."

"मी तरी काय करू, बाई? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" असं म्हणून त्याने कारंजं एकदा चालवून पाहिलं. ते झकास उडालं. मग तो महापौरांच्या स्वागताला खाली गेला, आणि दोन तास सभागृहात बाईशिवाय कुणी नव्हतं.

आता तो टेबलाखालून बाहेर आला तेव्हा त्याची नजर दारामागे गेली. तिथे बाईचे दोन निळे कॅन रोजच असत. काम संपलं की ते घेऊन ती दुसऱ्या वस्तीतल्या नळावर रांगेला जाई. ऑफिसच्या नळाचं पाणी बाहेर न्यायला बंदी होती आणि पहारेकरी त्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवी. वीस वीस लिटरचे कॅन. आज दोन्हींची झाकणं घट्ट लावलेली होती, आणि खाली फरशीवर ओलं वर्तुळ होतं.

अभियंत्याने मनात बेरीज केली. पहिल्यांदाच या योजनेतला कुठला तरी हिशोब जुळला होता.

"बाई!" तो ओरडला. सगळे कॅमेरे दाराकडे वळले. "हे तळ्यातलं पाणी आहे?"

"हो."

महापौर पुढे आले. हसू आता मावळलं होतं. "कुणाला विचारून घेतलंस?"

बाईने फडक्याची नीट घडी घातली.

"विचारायचं काय, साहेब? यांनीच दाखवलं सकाळी. नऊ दिवसांनी आमच्या गल्लीत पाणी आलेलं दिसलं. जाईल म्हणून पटकन भरून घेतलं."