बहुरूप्याची बिदागी

“तुमच्यावर वारंट हाय!” चांगो बहुरूपी फौजदार कर्णिकांपुढे उभा राहून गरजला. “गुन्हा असा की, तुमी हवापालटाला आलात अन् एकदापन हसला नाय!”

व्हरांड्यातली पोरं खिदळली. चांगोच्या अंगात खाकी डगला होता आणि ओठावर थेट कर्णिकांच्या वळणाची मिशी. कर्णिकांची धाकटी लेक आवडी हसून हसून खांबाला लोंबकळली. कर्णिक मात्र हसले नाहीत.

पळसदरीच्या तळ्याकाठचं हे विश्रामगृह एका शेठजींचं. मे महिन्यात मुंबईची बिऱ्हाडं इथे उतरत आणि त्यांच्या पोरांना रमवायला व्यवस्थापक आबाजी कधी गारुडी, कधी डोंबारी ठेवत. यंदा हा बहुरूपी होता. रोज नवं सोंग. परवा पठाण झाला, काल ज्योतिषी. सतराचा पाढा म्हणून दाखवल्याशिवाय ज्योतिषीबुवा एकाही पोराचा हात बघेनात, आणि गंमत म्हणजे पोरं पाढा पाठ करून रांगेत उभी राहिली. मुंबईत वाढलेल्या कर्णिकांनी बहुरूपी असा पहिल्यांदाच पाहिला.

हवापालट हे त्यांचं निमित्तच होतं. गेल्या ऑगस्टच्या ‘चले जाव’च्या धामधुमीत लोधिवलीच्या बाजूला सहदेव नावाच्या शाळामास्तराने चावडीतलं दप्तर पेटवलं होतं आणि तेव्हापासून तो फरारी होता. तो पळसदरीच्या आसपास वावरतो, अशी खबर होती. पाऊस लागायच्या आत मास्तर हाती आला नाही तर फौजदारी गेली म्हणून समजा, असं वरच्या साहेबांनी बजावलं होतं. म्हणून बायकोपोरांना घेऊन कर्णिक इथे येऊन बसले होते आणि फाटकावर साध्या वेशातले दोन शिपाई विड्या ओढत होते.

आबाजी धावत आले. “साहेब, माफी असावी! चांगो, उतरव तो डगला! सरकारची टिंगल करतोस?”

“टिंगल कुटं, आबाजी? बाकीची सोंगं झाली, ह्येच ऱ्हायलं हुतं.”

“उतरव म्हणतो ना! एवढ्या उकाड्यात घामाने निथळतोयस, तरी मस्ती जात नाही.”

“दिस मावळला की उतरवीन,” चांगो म्हणाला. “तंवर मी फौजदार. खरा फौजदार कुनाच्या सांगन्यावरनं डगला उतरवतो का? विचारा सायबांना.”

पोरांनी पुन्हा टाळ्या पिटल्या. कर्णिकांची कानशिलं तापली. पण लेकीसमोर बहुरूप्यावर हात उगारणं त्यांना शोभलं नसतं.

“राहू दे, आबाजी,” ते म्हणाले. “माझं सोंग घ्यायला कसली अक्कल लागते? मी समोरच बसलोय. न पाहिलेल्या माणसाचं घे, तर मानीन. त्या सहदेव मास्तराचं घे.”

चांगोने मिशीला पीळ दिला.

“दिसतो कसा त्यो?” चांगोने विचारलं.

“उंच, सडपातळ. मिशी सफाचट. दप्तर पेटवताना उजवा हात भाजला, मनगटापासून कोपरापर्यंत. बोलणं अगदी शुद्ध. जमेल?”

“न जमायला काय झालं? पन उद्या माजा हितला शेवटचा दिस. जमलं तर बिदागी काय?”

“हुबेहूब झालं तर माझं जरीकाठी उपरणं तुझ्या खांद्यावर घालीन.”

“पोरं साक्षीला हायत बरं, सायेब.”

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी फाटकाशी एकच गलका झाला. दोघे शिपाई एका माणसाला दंडाला धरून ओढत आणत होते.

“साहेब, सापडला! सहदेव मास्तर!”

कर्णिक इतक्या झटक्यात उठले की खुर्ची कलंडली. पांढरं धोतर, आखूड बाह्यांचा सदरा, सफाचट ओठ. उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत करपलेला. छाती ताठ.

“नमस्कार, फौजदारसाहेब,” तो माणूस शांतपणे म्हणाला. “मीच सहदेव. दप्तर मीच जाळलं, आणि पुन्हा संधी मिळाली तर पुन्हा जाळीन.”

“चांगो!” आवडी किंचाळली आणि धावत जाऊन त्याच्या कमरेला बिलगली. “चांगो आला! चांगो आला!”

कर्णिकांनी त्याच्या डोळ्यांत निरखून पाहिलं. तेच ते खट्याळ डोळे. मग मात्र ते हसत सुटले, इतके की आत असलेली बायको बाहेर आली.

“अरे सोडा त्याला, गाढवांनो! बहुरूपी आहे तो!”

“पण साहेब, हा हात...” एक शिपाई चाचरला.

कर्णिकांनी त्या हातावरून बोट फिरवलं. “डिंक लावून सुरकुत्या पाडल्यास ना रे?”

“ते सांगायचं नसतं, साहेब.”

“बघा, बोलीसुद्धा बदलली! आणि काय रे मास्तर, माझी भीती नाही वाटत?”

“भीती वाटली असती तर तुमच्या दारात आलो असतो का?”

टाळ्यांचा कडकडाट झाला. कर्णिकांनी आपलं उपरणं आणवलं, झटकलं आणि सगळ्यांच्या देखत त्याच्या खांद्यावर घातलं.

“ही माझी बिदागी,” तो म्हणाला. मग पोरांसमोर उकिडवा बसून त्याने एकेकाच्या डोक्यावरून हात फिरवला. “पाढे विसरू नका. आणि कुणीही दरडावलं तरी मान खाली घालू नका.”

तो फाटकाकडे निघाला. ज्या शिपायाने त्याला धरलं होतं, त्यानेच ओशाळून फाटक उघडलं. उपरण्याचा जरीकाठ उन्हात चमकत स्टेशनच्या वाटेने दूर गेला.

डोळे पुसत कर्णिक खुर्चीत टेकले. स्वयंपाकाची येसूबाई कपबशा गोळा करत होती. ती इथलीच, पळसदरीची.

“येसूबाई, त्याला निरोप धाडा. आमचे मोठे साहेब यायचेत. त्यांच्यापुढे हेच सोंग पुन्हा करू दे म्हणावं.”

“सोंग कंचं, सायेब?” येसूबाई म्हणाली. “बिदागी घ्यायच्या दिशी बहुरूपी सोंग घेत नाय. त्या दिशी त्यो आपल्या खऱ्या रूपात येतो.”