पहिला तांब्या

"अनघा, पहिला तांब्या लेकीला देऊ नकोस हो. वचन दे," दवाखान्यात सासूबाई म्हणाल्या होत्या. तेव्हा त्यांची बोटंही वळत नव्हती.

इमारतीचे पाइप जुने; रात्रभर साचलेल्या पाण्यात शिसं उतरे. पण पाणी वाया जाऊ नये म्हणून बसवलेली नवी तोटी पहिला तांब्या कुणाच्या तरी पोटात गेल्याशिवाय दुसरा सोडत नसे. सांडला, तर दिवसभर बंद. एकदा तुळशीला घालून पाहिलं, तेव्हा तोटी बंद झालीच, पुढे तुळसही गेली.

"आजीचा तांब्या आता माझा ना?" कुहूने हात पुढे केला. "घोटभरसुद्धा द्यायची नाही मला. व्रत आहे म्हणायची."

"ते व्रत आता माझ्याकडे आलंय, बाळा."

अनघाने देवाला हात जोडले आणि तांब्या तोंडाला लावला.