हिरव्या कोटातली जोडी

नॉटिंगहॅममधल्या सेल्विनच्या छोट्याशा खोलीत दर रविवारी आम्ही दोघे म्हातारे शिशाचे शिपाई ओतून रंगवायचो. नेपोलियनशी लढलेले, हिरव्या कोटातले, अंगठ्याएवढे. हे नेहमी जोडीने लढत. एकाने गोळी झाडली की तो पुन्हा बार ठासेपर्यंत दुसऱ्याने नेम धरून राहायचं.

गेल्या रविवारी सेल्विनने एक जोडी पुरी करून फळीवर ठेवली. बसलेल्या शिपायाचा नेम सेल्विनच्याच खुर्चीवर होता. उभा असलेला बार ठासत होता.

"तोंड फिरव की त्यांचं," मी म्हणालो.

"घाबरलास होय? शिसं आहे ते, लेका!"

आज दुपारी मी दार उघडलं. सेल्विन खुर्चीतच होता, मान छातीवर टाकून. समोरच्या चहाला हात लावलेला नव्हता.

मी चष्मा सावरून फळीकडे पाहिलं. बसलेला शिपाई आता बार ठासत होता. म्हणजे त्याची गोळी झाडून झाली होती.

"थट्टा पुरे, सेल्विन. ही दुसरी जोडी कधी ओतलीस?"

मी दारातच थांबलो.

उभ्या शिपायाने नेम धरला होता. खुर्चीवर नाही, दारावर.