चटईवरचा फुगवटा

डोळ्याच्या पडद्यावर लेसर मारल्यापासून तुकिनेमला बैठकीतली चटई भिंतीजवळ एकाच जागी फुगलेली दिसायची.

"लेसरनंतर आत नको त्या रक्तवाहिन्या उगवल्यात, म्हणून रेघा वाकड्या दिसतात," म्हणत डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात इंजेक्शन दिलं.

हळूहळू चटई सपाट झाली. तुकिनेमचा जीव भांड्यात पडला. तिने पिवळ्या भाताचा डोंगर रचून अख्ख्या गल्लीला जेवायला बोलावलं.

"आता काकांच्या सुरकुत्याही दिसतील हं, काकू!" शेजारची वारसी दारातून खिदळली.

मांडीला मांडी लावून माणसं दाटली होती. भिंतीजवळची ती जागा तेवढी रिकामी होती.

"उभी काय राहिलीस? तिथे बस की," तुकिनेम तिला म्हणाली.

वारसी तिकडे बघत अदबीने वाकली.

"बसते ना. आधी त्या आजोबांना जरा सरकायला सांगा."