बारा वर्षांनंतरची पहिली ओळ

टाकळकर आजोबांच्या डोळ्यांच्या नसा बारा वर्षांपूर्वीच निकामी झाल्या होत्या. आज त्यांच्या चष्म्यातल्या कॅमेऱ्याची तार थेट मेंदूला जोडली होती. डॉक्टर ऋजुताने अंधाऱ्या खोलीत अक्षरांची एक ओळ उजळली आणि त्यांना वाचायला सांगितलं.

आजोबांनी ती घडाघडा वाचली! ऋजुताने टाळ्याच पिटल्या, दिवे लावले आणि बाहेर ताटकळलेल्या आजींना आत बोलावलं.

आजोबा बघतच राहिले. "अगं इंदू, छताला पाय लावून काय उभी राहिलीस?"

ऋजुताने कपाळावर हात मारला. खरा डोळा मेंदूकडे वर-खाली आणि डावं-उजवं, दोन्ही उलटं चित्र पाठवतो; कॅमेऱ्याचंही तसंच उलटावं लागतं. तिने कॅमेऱ्याच्या चित्राचं डावं-उजवं बदललं होतं, वरचं खाली करायला मात्र ती विसरली होती.

"मग आजोबा, वाचलंत कसं?"

"त्यात काय! चाळीस वर्षं छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवले. ते असेच उलटे वाचायचे असतात. मला वाटलं, माझ्यासाठी मुद्दाम तशी लावलीत." त्यांनी चाचपडत आजींचा हात धरला. "अक्षरं राहू द्या हो तशीच. हिला तेवढी सुलटी करा, लवकर!"